वळणाआडचा गिअर

१९९४ सालची गोष्ट. त्या वर्षी व्हरमाँटमध्ये बर्फ एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हटलं नाही. हटलं तेव्हा गावाबाहेरच्या कच्च्या रस्त्यांचा असा राडा झाला की टपालाची गाडीसुद्धा दोनदा रुतली. चिखलाच्या त्या दिवसांत गावातली सायकलवेडी माणसं एकच उद्योग करायची, सायकल टांगून तिची डागडुजी. लिओना टटल तेच करत होती.

लिओना तेव्हा चौसष्ट वर्षांची. गावच्या शाळेत बत्तीस वर्षं मुलींना खेळ शिकवून निवृत्त झालेली. लग्न केलं नव्हतं. उंच, काटक, आणि शिट्टी अजून गळ्यातच असल्यासारखी मान ताठ. तिची हिरवी सायकल १९७९ ची, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली. पुढे-मागे सामानाच्या पिशव्या आणि वर तंबूची वळकटी. पंधरा उन्हाळे ती आणि तिची मैत्रीण इव्हेट गानियों अशा जोडीने हिंडल्या होत्या. मेन राज्याचा किनारा झाला, क्वेबेक झालं, न्यू हॅम्पशरचे घाट झाले. यंदाचा बेत सगळ्यांत मोठा होता. जुलैमध्ये केप ब्रेटन बेट, समुद्रातून सरळ वर उठलेले ते डोंगर. इव्हेट सहासष्ट वर्षांची. आज नाही तर मग कधी, हे दोघींनाही कळत होतं.

पंधरा वर्षांत सायकलची चेन ताणून लांब झाली होती. बारा जोड कड्या म्हणजे बरोबर एक फूट भरायला हवा, तो पाव इंचाने जास्त भरत होता. लिओनाने नवी चेन आणली आणि आपल्या हाताने चढवली. बाकीच्या भागांना हात लावला नाही. पोलादाला काय धाड भरते, असं तिचं म्हणणं. घरामागच्या चढावर तिने जोर लावला आणि चेन खाडकन घसरली, पेडल मोकळं फिरलं आणि नडगीवर बसलं. दुसऱ्या दिवशी सायकल गाडीत घालून ती ओरिन स्टाइल्सकडे गेली.

ओरिनने पस्तीस वर्षं यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लेथवर काढलेली. कारखाना बंद पडल्यावर त्याने जुन्या दूध डेअरीच्या इमारतीत सायकल दुरुस्तीचं दुकान थाटलं. शाळेत तो लिओनाच्या एक वर्ग मागे होता, आणि तेव्हापासून तो शब्द जपूनच वापरायचा.

"चेन बदललीस," तो म्हणाला.

"डोळे शाबूत आहेत म्हणायचे."

"आणि चक्रं?"

"चक्रांना काय झालंय?"

"कुठल्या गिअरमध्ये घसरते?"

"सगळ्याच," लिओना म्हणाली.

 पूर्वी जिथून दुधाचे ट्रक वर चढायचे त्या दगडी उतारावर ओरिनने सायकल वर-खाली चालवली, एकेक गिअर बदलत. परत आला तेव्हा दम लागला होता.

"चौदा गिअरमध्ये लोण्यासारखी चालते."

"आणि पंधराव्यात?"

"पंधराव्यात नडगी फुटते." तिच्या पायावरच्या पट्टीकडे बघून तो म्हणाला, "ही अशी."

मग त्याने समजावलं. चेन आणि चक्रांचे दाते बरोबरीने झिजतात. एक लांबतं, दुसरं त्याच्या मापाने खचतं, आणि दोघांचं जमून जातं. नवी चेन आणली की तिला त्या खचलेल्या दात्यांवर बसायला जागाच नसते, ती उडी मारते. "पण जिथे दाते झिजलेच नाहीत, तिथे तिची काही तक्रार नसते. मागचं फ्रीव्हील बदलावं लागेल. काढून बघू."

बघू म्हणणं सोपं होतं. पाच चक्रांचा तो गठ्ठा चाकावर आटे पिळून बसवलेला असतो. ओरिनने त्याच्या खाचांत काढायची चावी बसवली, चावी टेबलाच्या पोलादी पकडीत आवळली आणि वरचं चाक मोटारीच्या स्टीअरिंगसारखं फिरवायला लागला. चाक हलेना. तो लाल झाला, तरी हलेना.

"बघत काय बसलीस? धर."

दोघांनी दोन बाजूंनी चाक धरलं.

"एवढं घट्ट कुणी बसवलंय?" लिओना दात आवळून म्हणाली.

"कुणी नाही. तुझ्याच पायांनी. सगळ्यांत खालच्या, चढासाठीच्या हलक्या गिअरला पीळ सगळ्यांत जास्त पडतो. जेवढे चढ त्या गिअरवर चढशील, तेवढं हे आत रुततं."

लिओनाने खाली मान घालून जोर वाढवला. फाटकन आवाज झाला, चाक सुटलं आणि दोघं एकमेकांवर आदळता आदळता वाचली.

ओरिनने फ्रीव्हील रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि खिडकीपाशी नेलं. चार चक्रांचे दाते दाढांसारखे चौकोनी, धडधाकट होते. पाचव्या, सगळ्यांत मोठ्या चक्राचे दाते मात्र एका बाजूला कलून शार्कच्या दातांसारखे टोकदार झाले होते. पेडलजवळच्या तीन थाळ्यांचीही तीच कथा. सगळ्यांत लहान थाळी संपलेली, मधली बरी, आणि मोठ्या थाळीवर कारखान्यातली चकाकी अजून तशीच.

"लहान नवी घालतो. मधली उलटी करून बसवतो, अजून पाच वर्षं जाईल," ओरिन म्हणाला. मग तिच्याकडे वळून, "लिओना, तू मोठ्या थाळीवर, सगळ्यांत जड गिअरमध्ये घाट चढतेस असं सगळे म्हणतात."

"कोण सगळे?"

"तू."

लिओना खिडकीबाहेर बघायला लागली. १९७९ मध्ये दोघींनी एकाच दिवशी सायकली घेतल्या, तेव्हा दुकानदाराने सगळ्यांत खालचा गिअर दाखवून म्हटलं होतं, याला आम्ही आजीचा गिअर म्हणतो. इव्हेटला तेव्हा दोन नातवंडं होती. लिओना हसून म्हणाली, "मग हा तुझा. माझा याच्याशी काय संबंध?" एवढंच. गंमत म्हणून बोललेलं वाक्य. पण ते पाळायचं म्हणजे घाटाच्या पायथ्याशी ती नेहमी म्हणायची, "तू कॉफी संपव, मी होते पुढे." पहिल्या वळणापर्यंत मोठ्या थाळीवर, छाती फुटेस्तोवर. वळण आड आलं की खाली, अगदी खाली. चढ फारच खडा असला की उतरून ढकलायचंसुद्धा. इव्हेट माथ्यावर पोचेपर्यंत हिचा श्वास जागेवर आलेला असायचा आणि हातात सँडविच असायचं.

"हे भंगारात टाक," लिओना म्हणाली. "आणि कुणाला सांगू नकोस."

"पस्तीस वर्षं लेथवर होतो. त्या आवाजात कोण कुणाला काय सांगणार? सवयच नाही राहिली."

फ्रीव्हील भंगाराच्या डब्यात पडलं. लिओनाने कोट चढवला, आणि टेलिफोनशेजारच्या भिंतीवर टाचलेली एक चिठ्ठी तिला दिसली. निळ्या शाईतलं ते गोल अक्षर ती झोपेतही ओळखू शकली असती. 'बायकांची प्रवासी सायकल विकणे आहे. निळी. नीट ठेवलेली. इव्हेट गानियों.'

"हे कधी?"

"सोमवारी लावून गेली. मला वाटलं, तुला माहीत असेल."

"काय म्हणाली?"

ओरिनने हात पुसले. एवढं लांब बोलायचं त्याच्या जिवावर आलं होतं. "म्हणाली, केप ब्रेटनला लिओनाने आपल्या तोडीचं कुणीतरी न्यावं. ती म्हणे त्या आजीच्या गिअरला शिवत नाही, आणि मी त्याच्यावाचून एक चढ चढत नाही. दर माथ्यावर तिला ताटकळत ठेवायची लाज वाटते आता."

 लिओनाने वाकून भंगाराच्या डब्यात हात घातला.

इव्हेटचं घर नदीपलीकडे. ती लोकरीच्या गिरणीत पस्तीस वर्षं कापड रफू करायच्या खात्यात होती, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. लिओना पोचली तेव्हा चुलीवर पिवळ्या वाटाण्याचं सूप रटरटत होतं.

"बूट बाहेर," इव्हेट म्हणाली. "चिखल आणशील सगळा."

लिओनाने बूट काढले. "चिठ्ठी बघितली मी."

"बरं झालं. मला तोंडाने सांगवत नव्हतं."

"काढून टाक ती."

"नाही गं. मी ठरवलंय. बस, सूप घे."

"इव्हेट, पंधरा वर्षं आपण—"

"पंधरा वर्षं तू वाट बघितलीस. पुरे झालं. गेल्या वर्षी त्या पावसात तू वर कुडकुडत होतीस, आणि मी खाली गोगलगायीसारखी. तुझ्या सायकल क्लबमधली ती शिक्षिका आहे ना, तरुण, तिला ने."

"मला तिला न्यायचं नाहीये."

"मग एकटी जा. तुला कुणाची गरज कधी होती?"

हे शेवटचं वाक्य इव्हेट मुद्दाम लागावं म्हणून बोलली नव्हती, म्हणूनच ते लागलं. लिओनाने कोटाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि टेबलावर उघडली.

"अगं! माझा टेबलक्लॉथ!"

"माझं फ्रीव्हील आहे. ओरिनने आज काढलं. मोठं चक्र बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला नाही कळणार तर कुणाला कळणार? बघ म्हणते ना."

इव्हेटने चष्मा लावला. रफू करणारी बाई ती. झीज वाचणं हे तिचं आयुष्यभराचं काम. तिने एकेका चक्रावरून बोट फिरवलं, पाचव्यावर थांबली.

"टाचेला भोक आणि बाकी मोजा नवाकोरा," ती हळू म्हणाली. "लिओना. हे तुझं?"

"माझं."

"कधीपासून?"

"पहिल्या घाटापासून." लिओनाला खुर्ची सापडेना, ती उभीच राहिली. "वळणापर्यंत मोठ्या थाळीवर. तू दिसेनाशी झालीस की हे. दोन-तीनदा ढकललीसुद्धा."

सूप उतू जायला आलं. इव्हेटने उठून झाकण सरकवलं आणि मागे न वळता बोलायला लागली.

"तुला माहितीय, मी मागे काय करायची? तू वळणाआड गेलीस की मला वाटायचं, गेली उडत. मग मी पेडलं मोजायची, जपमाळेच्या मण्यांसारखी. दहा झाली की एक प्रार्थना. सगळा डोंगर एकटी. आणि शंभर पावलांवर पलीकडे तू काय करत होतीस? फुं-फुं?"

"फुं-फुं नाही." लिओना थांबली. "हो. फुं-फुंच."

इव्हेट वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहरा रागाने लाल. एवढ्या वर्षांत तिला कुणी रागावलेलं बघितलं नव्हतं.

"खोटारडी! म्हणून कॉफी कधी बसून प्यायली नाहीस! आणि वर गेल्यावर ते सँडविच! मला बघून तू सँडविच चघळायचीस, जसं काही दुपारपासून तिथेच बसलीयेस!"

"बऱ्याचदा घास गिळता यायचा नाही. नुसती चघळत असायचे."

त्यावर इव्हेटला हसू फुटलं. हसता हसता तिने रुमालाऐवजी भांडी पुसायचं फडकं डोळ्यांना लावलं, आणि मग लिओनाही हसायला लागली, इतकी की तिला बसावंच लागलं. सूप तळाला लागलं, ते त्यांनी तसंच पावाबरोबर खाल्लं.

"अट आहे माझी," इव्हेट म्हणाली. "'मी होते पुढे' असं एकदा जरी म्हणालीस, तर तिथून बस पकडून घरी येईन."

"कबूल."

"आणि उद्या माझी सायकलही ओरिनकडे घेऊन चल. तो माझी चिठ्ठी काढेल आणि चेनही बघेल."

दुसऱ्या दिवशी ओरिनने इव्हेटचं फ्रीव्हील काढून लिओनाच्या शेजारी ठेवलं. दोन्ही सारखीच झिजलेली. कुठलं कुणाचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो एवढंच म्हणाला, "नवीन घालतोच आहे, तर मोठं चक्र अजून चार दात्यांनी मोठं घालू? चढ हलका होईल." लिओनाने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "घाल. दोन्हींना घाल."

जुलैमध्ये केप ब्रेटनचा स्मोकी डोंगर दोघी शेजारी शेजारी चढल्या. पाच वेळा थांबल्या. मागून येणाऱ्या एका लाकडाच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवून वैताग व्यक्त केला, तेव्हा इव्हेटने त्याला आपल्या घरच्या फ्रेंचमध्ये जे सुनावलं ते कुणी भाषांतरित करून दिलं नाही. अर्ध्या चढावर इव्हेटने विचारलं, "आता मोजू की बोलू?" लिओना म्हणाली, "बोल." पण दोघींना धाप एवढी लागली होती की माथ्यापर्यंत कुणीच बोललं नाही. वरून समुद्र दिसला. सँडविच दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं.

त्यानंतर त्यांनी आणखी आठ उन्हाळे काढले. ओरिनने दुकान २००५ पर्यंत चालवलं, मग गुडघे दुखायला लागले म्हणून बर्लिंग्टनच्या एका तरुण जोडप्याला विकलं. पुढे सहा वर्षांनी तो गेला. त्याच्या अंत्यविधीला इतकी माणसं जमली की चर्चबाहेर सायकलींची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. इव्हेटची नजर अधू झाली आणि २००३ मध्ये तिने निळी सायकल नातीला दिली. नातीने ती ऑरेगॉनपर्यंत नेली. इव्हेट पंच्याऐंशी वर्षं जगली, शेवटपर्यंत आपल्याच घरात. लिओना नंतर नदीकाठच्या सपाट वाटेवरच सायकल चालवायची, तीही शेजाऱ्यांच्या मुलीबरोबर, बोलत बोलत. ती नव्वदाव्या वर्षी, सफरचंदं उतरवायच्या दिवसांत गेली. तिचं सगळं सामान भाचीने आवरलं आणि सायकल गावच्या शाळेला देऊन टाकली.