इतिहासाच्या कपाटाची यादी

पोलादपूरच्या हायस्कुलात स्नेहल उतेकर इतिहास शिकवायला लागून तिसरं वर्ष चाललं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मुंबईला असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी शाळेला एक कपाट दिलं आणि कळवलं, की यात प्राचीन इतिहासाची संदर्भपुस्तकं भरू, यादी तेवढी शाळेने करावी. मुख्याध्यापकांनी ते काम स्नेहलकडे सोपवलं. ती हरखून गेली. मोबाइलवर शोधून दोन दिवसांत तिने चाळीस नावं काढलीसुद्धा. नमुना म्हणून त्यातलं एक मागवलं आणि सहावीच्या वर्गात वाचायला घेतलं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं. हडप्पाचा राजा सिंहासनावरून व्यापाऱ्यांना हुकूम सोडतो, असा मोठा ऐटदार प्रसंग त्यात होता. मुलं रंगून ऐकत होती.

एवढ्यात वरच्या वाडीची अक्षदा उभी राहिली. “बाई, आपल्या पुस्तकात तर लिवलंय की त्यांची लिपी अजून कुणाला वाचता येत नाय. मग राजा काय बोलला ते यांना कुणी सांगितलं?”

“उद्या सांगते,” म्हणून स्नेहलने वेळ मारून नेली. घरी जाऊन पुस्तक पुढून-मागून चाळलं. राजा कुठून आला, हुकूम कुठून आला, एका ओळीचाही पत्ता नव्हता. चाळीस नावांची यादी समोर पडली होती. यातली आणखी किती अशीच असतील कोण जाणे. दुसऱ्या दिवशी तिने अक्षदाला खरं ते सांगून टाकलं, “कुणीच सांगितलेलं नाही गं. लिहिणाऱ्याने मनानेच रचलंय.” आणि रविवारी ती एस.टी.ने दासगावला गेली.

दासगावला हाटे सर राहत. धोंडू हाटे. पोलादपूरच्या याच शाळेत एकतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला होता, स्नेहललाही. सातवीत असताना तिने एकदा भर वर्गात त्यांचं एक साल चुकल्याचं सांगितलं होतं. सगळा वर्ग गार पडला. दुसऱ्या दिवशी सरांनी आल्या आल्या फळ्यावर लिहिलं, ‘काल मी चुकलो. स्नेहलने दाखवून दिलं.’ आपणही शिक्षक व्हायचं, हे तिने त्या दिवशी ठरवलं. सरांना हे तिने कधी सांगितलं नव्हतं.

“ये गो बाय, किती वर्सांनी!” सरांच्या पत्नी जानकीबाईंनी दारातच हात धरला. “ह्ये हायत आतमदी.”

आतल्या खोलीत पूर्वी भिंत दिसत नसे, इतकी पुस्तकं होती. दोन हजार एकवीस सालच्या पुरात सावित्री नदी घरात शिरली आणि सगळ्याचा लगदा झाला. आता भिंतीला नुसता चुना होता. ज्याची सगळी पुस्तकं गेली, त्याच्याकडे पुस्तकांचाच विषय काढायचा, म्हणून स्नेहल अवघडली. पण अक्षदाचा प्रश्न ऐकला मात्र, सर मांडीवर थाप मारून हसले.

“अगं, त्या पोरीने तुझं काम सोपं केलं. तिला उत्तर देईल तेच पुस्तक घे. मी पुस्तक नेहमी मागून उघडतो. हे कळलं कशावरून, कुठल्या कोरीव लेखावरून, कुठल्या खापरावरून, ते सांगितलंय का बघायचं. आणि आत कुठे ‘कदाचित’ आहे का बघायचं. हजारो वर्षांपूर्वीचं लिहिताना ज्याला एकदाही ‘कदाचित’ म्हणावंसं वाटत नाही, त्याच्यापासून पोरं लांब ठेव.”

“सर, यादी तपासायला तुम्ही याल माझ्याबरोबर पुस्तकांच्या दुकानात?”

सरांनी चुन्याच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, “शनिवारी.”

महाडच्या दुकानात मालकाने सरांना स्टूल दिलं. पुढचे चार तास सर भिंग घेऊन पुस्तकांची शेवटची पानं वाचत होते आणि स्नेहल मधली. चाळिसातली सव्वीस नावं गळाली. नव्या नऊंची भर पडली. एका चित्रमय पुस्तकावर मात्र दोघांचं जुंपलं.

“मजकूर फार थोडा आहे,” सर म्हणाले.

“पण जो आहे तो खरा आहे, सर. माझ्या वर्गात सात मुलं अडखळत वाचतात. त्यांनी कपाट उघडलं तर याच्यासाठीच उघडतील.”

सरांनी पुस्तक पुन्हा हातात घेतलं, चार पानं उलटली. “ही सात पोरं माझ्याही वर्गात होती,” ते हळू आवाजात म्हणाले. “त्यांच्यासाठी मी काही आणलं नाही. घे हे.”

दिवाळीनंतर पुस्तकं आली. डिसेंबरात स्नेहलने सहावीची मुलं महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांवर नेली, नव्या पुस्तकांतली दोन बरोबर घेतली आणि सरांनाही बोलावलं. पायऱ्या चढताना मुलांनी सरांचा हात धरला होता. वर पोचल्यावर अक्षदा दोन्ही पुस्तकं उघडून पुढ्यात आली.

“सर, ह्यात लेण्यांचा काळ एक दिलाय, त्यात दुसराच. खरा कुठला?”

“मला नाही माहीत,” सर म्हणाले. “दोघांनी कारण काय दिलंय ते वाच आणि मलाच सांग.”

झालं! मुलांत दोन तट पडले. भिंतीवरच्या अक्षरांपाशी बोटं नाचवत, पुस्तकं ओढाओढी करत तासभर भांडण चाललं. अडखळत वाचणारा एक मुलगा चैत्याच्या चित्रावर बोट ठेवून तावातावाने बोलत होता. स्नेहल बघतच राहिली.

ती सरांजवळ पायरीवर येऊन बसली. फळ्यावरच्या त्या ओळीबद्दल सांगायचं तिने घरीच ठरवलं होतं. ते सगळं सांगून ती म्हणाली, “सर, तुमचे उपकार...”

“उपकार कसले?” सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “पुरानंतर मी पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढलो नव्हतो. परत काही हातात घ्यायचं आणि तेही जायचं, नकोच वाटायचं. त्या दिवशी तू नेलंस. घरी जाताना माझ्यासाठी दोन घेतली मी. एक वाचून झालंय.”

खालून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला. मुलं काही भांडण सोडायला तयार नव्हती.