एक जूनच्या पोरी

दिंद्रुडजवळच्या त्या वस्तीवर पोरं वर्षभर जन्मायची, पण कागदावर सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. शाळेत नाव घालायला नेलं की मास्तर जन्मतारीख विचारायचे. आई सांगायची, "कापूस येचायला लागलो व्हतो, तवाचं हाय." मास्तर कपाळाला हात लावायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. वय कमी पडत असेल तर वर्षही एखादं मागं ढकलायचे. यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून कुणी ते मनावर घेतलं नाही.

द्वारका कागदावर एक जूनची आणि तिची धाकटी बहीण ऋतुजाही एक जूनचीच. द्वारका खरी जन्मली वसुबारसेला, गोदावरीकाठी मेंढरं बसवलेली असताना. त्यांच्या आईला, ताराबाईला, ती संध्याकाळ अजून लख्ख आठवायची. पुढं वडिलांचा, परमेश्वरचा, गुडघा गेला आणि कळपामागं जायला घरात द्वारकाच उरली. सातवीतून उठली ती चालतच राहिली. ज्या वयात पोरीला पाहुणे बघायला येतात, त्या वयात ती कुठल्यातरी शिवारात असायची. पाहुण्यांनी यावं तरी कुठं? ऋतुजा मात्र माजलगावला होस्टेलवर राहून शिकली. अक्काच्या चपला झिजल्या म्हणून आपल्या हाती लॅपटॉप आला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ते तिला आतून सलत असायचं.

समाजाच्या वधू-वर मंडळाचे अध्यक्ष होते बंकटराव. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं आणि शब्द खाली पडू द्यायचा नाही असा माणूस. मंडळाची पुस्तिका दरवर्षी छापून यायची. तिच्यातल्या पोरींना लेकरं झाली तरी फोटो तसेच राहायचे. बंकटरावांनी ऋतुजाला बोलावून सांगितलं, "तू कंप्युटर शिकलीस न्हवं? मग मंडळाची वेबसाईट कर."

ऋतुजाला एवढंच हवं होतं. ती नुकतीच पीएचपी, म्हणजे वेबसाईट लिहायची भाषा, शिकायला लागली होती, तेही फोनवरचे व्हिडिओ थांबवून थांबवून. एक दिवस लॅपटॉपच्या पडद्यावर तिनं लिहिलेलं पान पहिल्यांदा उघडलं आणि तिला आभाळ ठेंगणं झालं. द्वारका दारात कोकराला बाटलीनं दूध पाजत बसली होती. ऋतुजा तिला ओढतच घेऊन आली.

"अक्का, साधं पान म्हंजे टोपल्यातली भाकर. केली ती केली, दिवसभर तीच खायची. ह्ये तसं न्हाई. कुणी पान मागितलं की तिकडं सर्व्हर नावाचा कंप्युटर पीठ घेतो, थापतो, भाजतो आन ताजी भाकर वाढतो. दर येळंला नवी."

"आन पीठ कोण देतं?"

"आपली माहिती. नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख. समदं एका जागी भरून ठिवलंय."

द्वारकाला ते पटकन समजलं. तिला सगळंच पटकन समजायचं, शाळा सोडून.

बंकटरावांची एक अट होती. "तिशी उलटलेली पोर पयल्या पानावर नको. पाव्हणे नाकं मुरडतेत. तिला खालच्या पानावर टाक." खालचं पान म्हणजे 'घटस्फोटित, विधवा व इतर'. ऋतुजाला ते कसंतरीच वाटलं, पण लगेच तिच्या डोक्यात त्याचा कोड फिरू लागला. सर्व्हर आजची तारीख बघेल, जन्मतारीख बघेल, वय तीस भरलं असेल तर खाली, नसेल तर वर. एवढं लिहिलं आणि ते पहिल्या फटक्यात चाललं. नव्या शिकणाऱ्याला काय लिहिलं यापेक्षा चाललं याचंच कौतुक फार. तिनं तेही अक्काला दाखवलं.

"म्हंजे आपण म्हाताऱ्या मेंढ्या येगळ्या काढतो तसं," द्वारका म्हणाली आणि दोघी पोट धरून हसल्या.

पाडव्याला वेबसाईट सुरू झाली. पहिल्या पानावर पोरींचे फोटो आले. त्यात द्वारकाचाही होता, उसन्या साडीतला, डोळे थोडे मिटलेले. आणि नवल म्हणजे चौसाळ्याहून विचारणा आली. मुलगा आदिनाथ, ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान, वडील नाहीत, सगळं मामाच्या हातात. बघायला आले तेव्हा त्यानं द्वारकाला एकच प्रश्न विचारला, की कोकरू जगत नसेल तर तुमी काय करता? ती बराच वेळ सांगत बसली आणि तो ऐकत बसला. ती रात्रभर हसत होती म्हणून ताराबाईनं तिला खोटंखोटं रागावलं. सुपारी फोडायचा दिवस ठरला. रविवार होता, सगळ्यांना सोयीचा होता. एक जून.

ऋतुजानं ती तारीख ऐकली, मान हलवली, पाहुण्यांना चहा दिला. तिच्या काही म्हणजे काही ध्यानात आलं नाही.

त्या दिवशी अंगणात शेणाचा सडा पडला. ग्रामपंचायतीच्या खुर्च्या आल्या. पुरणाचा वास सुटला. द्वारका हिरव्या बांगड्या भरून आत बसली होती. पाहुण्यांची जीप निघाल्याचा फोन आला आणि थोड्या वेळानं दुसरा आला. परमेश्वरनं तो उचलला. आदिनाथचे मामा बोलत होते, आणि इतक्या जोरात की सगळ्या घराला ऐकू जावं.

"पाव्हणं, पोरीचं आदी एक लगीन झालतं, ते सांगायला काय झालतं तुमाला?"

"कुणाचं लगीन? काय बोलता मामा?"

"आमी जीपमधी समद्यांला पोरीचा फोटो दावाया गेलतो. तुमच्याच वेबसाईटवर हाय. घटस्फोटित, विधवा, त्याच्यात तुमची पोरगी! आमी आडाणी हाव म्हणून फसवायलेत काय?"

 ऋतुजानं लॅपटॉप उघडला. पहिल्या पानावरचे बरेच फोटो गायब झाले होते. सर्व्हरचं घड्याळ परदेशातलं. आपल्याकडं उजाडलं तेव्हा तिथं तारीख बदलली. एक जून झाला आणि मास्तरांनी एकाच दिवशी जन्माला घातलेल्या, यंदा कागदावर तीस भरलेल्या किती तरी पोरी एकाच दिवशी खालच्या पानावर गेल्या. द्वारका त्यांच्यात सर्वांत वर होती. खरं वय तर तिशीच्या आतलं, पण सर्व्हरला वसुबारस कुठून ठाऊक असणार?

तिनं ती अट पुसून टाकली. पान पुन्हा उघडलं, द्वारका वर आली. मग वडिलांच्या हातातून फोन घेऊन ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मामा, माझी चूक हाय, मीच बनवलीय ती. आता बघा, अक्का वर आली."

मामांनी जीपमध्येच पान पुन्हा उघडलं.

"बघितलं," मामा म्हणाले. "मगा खाली व्हती, आता वर आली. तुझ्या हातात हाय म्हणून बदललंस. म्हंजे आमी बघितलं तेच खरं व्हतं."

 ऋतुजा वयाचं, तारखेचं, मास्तरांचं सांगत राहिली, आणि जितकं सांगत गेली तितकं ते खोटं वाटत गेलं. जीप वाटेतूनच माघारी फिरली. दुपारपर्यंत त्या जुन्या पानाचा फोटो समाजाच्या ग्रुपवर गावोगाव फिरला होता. पान बदलता आलं, तो फोटो बदलता येत नव्हता. बंकटरावांना फोन केला तर ते म्हणाले, "नियम समद्यांना सारखा. दाखल्यावर जी तारीख हाय ती हाय."

आदिनाथचा फोन आलाच नाही. द्वारका संध्याकाळपर्यंत त्याची वाट बघत होती, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पण फोन तिच्या मांडीवर होता.

दिवेलागणीला तिनं बांगड्या उतरवल्या आणि कोकरांना पाला टाकला. ऋतुजा तिच्यामागं जाऊन उभी राहिली. तिला अक्कानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"रुतू, त्या खालच्या पानावर म्हाळूबाची सून हाय न्हवं?" द्वारकानं विचारलं. "नवरा ईज पडून गेला तिचा."

"हाय."

"मला निस्तं तिच्या शेजारी बघितलं तर जीप माघारी फिरली. तिच्याकडं कोण येईल गं?" थोडं थांबून ती म्हणाली, "तू दावलं तवा मी बी हसलेच व्हते. तुला एकटीला काय म्हणू?"

ऋतुजा हुंदके देऊन रडायला लागली. द्वारकानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पाल्याचा वास असलेला.

"मला काढून टाक त्याच्यातून. वरून बी आन खालून बी."

"अक्का, असं नको म्हणू. मी समदं नीट करते."

"काढ म्हणते ना. परवा मेंढरं परळीकडं न्यायचीत."

ऋतुजानं डोळे पुसले आणि अक्कासमोरच तिचं नाव काढलं. मग पान पुन्हा उघडलं. सर्व्हरनं ते नव्यानं बनवून वाढलं. द्वारकाची जागा रिकामी दिसेल म्हणून ती भीत होती, पण रिकामं काही राहिलं नव्हतं. मागच्या पोरीचा फोटो आपोआप पुढं सरकून तिथं येऊन बसला होता. तिनंच तसं लिहिलं होतं.