वाणात आलेलं घुबड

अनुजा कांदळगावकर व्रतवैकल्यांच्या बाबतीत फार कडक होती. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, चतुर्थी हे तर झालंच, शिवाय रोजचे नेम वेगळे. उजाडायच्या आत अंघोळ, लालबागच्या टॉवरमध्ये खिडकीच्या जाळीत अडकवलेल्या तुळशीला पाणी, एक माळ जप आणि दिवसभर कुणालाही टाकून न बोलणं. हा शेवटचा नेम तिला जड जात नसे. तिचा आवाजच इतका मऊ होता की तिने टोमणा मारला तरी समोरच्या बाईला तो घरी जाऊन चहा टाकल्यावर कळायचा.

अशा या सात्त्विक बाईला एकच व्यसन होतं. बंद पाकिटातली खेळणी. चकचकीत पाकीट, आत बोटभर उंचीचा प्राणी, आणि कोणता ते फोडल्याशिवाय कळत नाही. फोडल्यावर कळतं की हा आपल्याकडे आधीच आहे. तिचा नवरा हितेंद्र याला जुगार म्हणायचा, ती संग्रह म्हणायची. सासऱ्यांना गिरणीतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ शोकेसमधून कधीच माळ्यावर गेलं होतं. शोकेसमध्ये आता चष्मेवाले बेडूक आणि छत्रीवाले ससे राहत होते, आणि त्यांच्यावरची धूळ रोज निघत होती. घड्याळावरची सासरे गेल्यावर निघाली नव्हती.

फोनवर या लोकांचा ‘पाकीटफोडे’ नावाचा गट होता आणि तिथे अनुजाचा शब्द अखेरचा. खेळण्यांची नवी मालिका आली की मंडळी तिच्या निकालाकडे डोळे लावून बसत. ‘रंग गोड आहे हो, फक्त पाठीमागून जरासा कंटाळा केलाय बिचाऱ्यांनी,’ इतकंच ती लिहायची आणि दादरला राकेशच्या दुकानात त्या मालिकेचे बॉक्स धूळ खात पडायचे. राकेश तिला ‘काकी’ म्हणायचा आणि आईपेक्षा जास्त घाबरायचा.

या जानेवारीत ‘डुलकी’ नावाची मालिका आली. सगळे प्राणी झोपलेले. परातीत हत्ती, टीव्हीवर मांजर, चपलेत पोपट. कंपनीने फक्त एक प्राणी जागा ठेवला होता: डोळे टक्क उघडे असलेलं घुबड. ते कुठल्या पाकिटात निघेल ते कंपनीलाही ठाऊक नसावं. अनुजाचा शिरस्ता असा की मालिका पुरी हातात आल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तिने पाकिटं फोडली. हत्ती निघाला. आणखी फोडली, आणखी हत्ती निघाले. शोकेसमध्ये गजशाळा झाली, घुबडाचा पत्ता नाही. गटावर लोक विचारू लागले, ‘काकी, निकाल?’ कुणीतरी असंही लिहिलं, की काकी आता थकल्या वाटतं. हे वाक्य तिने जपाच्या वेळी सुद्धा आठवलं.

शनिवारी मारुतीपुढे उभी असताना मात्र तिला लाज वाटली. तिने मनात संकल्प सोडला, की या महिन्यात स्वतःसाठी एकही पाकीट घेणार नाही. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण ‘स्वतःसाठी’ म्हणालो. मारुतीच्याही लक्षात आलं असणार, पण तो काही बोलला नाही.

पुढच्याच शुक्रवारी तिच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दरवर्षी ती वाण म्हणून प्रत्येक सवाष्णीला स्टीलची डबी द्यायची. या वर्षी तिने राकेशकडून ‘डुलकी’चे दोन बॉक्स उचलले.

“हे काय, बायकांना खेळणी?” हितेंद्रने विचारलं.

“त्यांनाही गंमत वाटेल. दरवेळी काय त्या डब्या,” अनुजा म्हणाली.

“घुबड त्यांच्याकडे निघालं तर?”

“तर त्यांचं नशीब,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या डब्यांची पिशवी ओट्याखाली सरकवून ठेवली. वाण परत घेत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक होतं. गेल्या वर्षी दहाव्या मजल्यावरच्या प्रितीने वाणाची डबी चेपलेली निघाली म्हणून परत आणली होती, तेव्हा अनुजानेच भरल्या घरात मऊ आवाजात सांगितलं होतं, “असू दे गं, सगळ्यांनाच घरात शिकवलेलं नसतं.” पण परत घेणं वेगळं आणि शेजारधर्म म्हणून अदलाबदल करणं वेगळं. शास्त्रात अदलाबदलीबद्दल काही लिहिलेलं तिच्या वाचनात नव्हतं, आणि ते शोधायची तिला घाईही नव्हती.

संध्याकाळी बायका जमल्या. हळदकुंकू लागलं, अत्तर लागलं, तिळगूळ दिला, गोड बोलायचं कबूल झालं. मग अनुजाने पाकिटं वाटली आणि म्हणाली, “इथेच फोडा हं. गंमत आहे.”

गंमत तिला वाटली होती तशी झाली नाही. बायकांनी मालिकेचा निकाल लावायला घेतला.

“आई गं, याला नाकच नाही,” तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली नूपुर म्हणाली.

“ते मांजर आहे. त्यांचं नाक छोटं असतं,” अनुजा म्हणाली.

“छोटं असतं काकू, नसतं असं नाही ना.”

“आणि ह्याच्यात ठेवायचं काय?” प्रितीने पोपट उलटा करून बघितला. “भोक पण नाही. निदान मीठ तरी राहिलं असतं.”

“प्रिती, ते नुसतं बघायचं असतं.”

“बघतेय ना. खालून रंगच लावला नाहीये. आणि उभं पण राहत नाही बघ, कलंडतंय.”

अनुजाला धक्का बसला, कारण कलंडण्याचा हा मुद्दा तिच्या स्वतःच्या नजरेतून सुटला होता. तिने तो मनात टिपून ठेवला. संसारी बायकांना मालिकेत काय खोट आहे ते दोन मिनिटांत कळलं, आणि ‘पाकीटफोडे’ तिथे पंधरा दिवस पापण्यांच्या रंगावर वाद घालत बसले होते.

“पण सगळीच कशी निजलेली?” कोपऱ्यातून शेवंतीकाकूंनी विचारलं. काकू मूळच्या मालवणकडच्या, टॉवरमध्ये सगळ्यात वडील, आणि पाकीट दाताने फोडणाऱ्या. “माझ्या घरात निजणारो एक पुरे आसा. आणखी कित्याक?”

सगळ्या हसल्या. काकूंचं पाकीट फाटलं, आतली वस्तू त्यांच्या मांडीवर पडली आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“गो अनू! ह्या काय दिलंस माका?”

अनुजाने पाहिलं. दोन टक्क डोळे. पिवळ्या बुबुळांभोवती सोनेरी कड, पंखावर एकेक पीस वेगळं रंगवलेलं, पाठीमागूनसुद्धा. कंपनीने साऱ्या मालिकेत कंटाळा केला होता तो या एकासाठी मेहनत शिल्लक राहावी म्हणून.

“घुबड!” काकू ओरडल्या. “हळदीकुंकवाक घुबड! अगो, माझो घोव जिवंत आसा अजून!”

“वाणात घुबड?” दोघीतिघी एकदम म्हणाल्या. नूपुरने आपलं मांजर पर्समध्ये टाकलं, न जाणो तेही काही निघायचं.

“ह्येच्या बदली माका डबो दी,” काकूंनी घुबड दोन बोटांत धरून पुढे केलं. “दर वर्षी देतस तसलो.”

ओट्याखाली पिशवी तयार होती. अनुजा उठलीसुद्धा. देव इतक्या सरळ देतो, याचं तिला नवल वाटलं.

“थांबा काकू,” प्रिती म्हणाली. ती गेलं वर्षभर थांबली होती. “वाण परत करत नाहीत. अनुजाताईंनीच शिकवलंय मला, सगळ्यांसमोर. काय हो ताई?”

“परत नाही गं, बदलून देते.”

“म्हणजे माझी चेपलेली डबी बदलून चालत नव्हती, आणि हे चालतं?”

“घुबडाची गोष्ट निराळी आहे, प्रिती.”

“का? अशुभ आहे म्हणून? मग तसं सांगा. तुम्ही एवढे नेम करता, आम्हाला काय कळतंय. अशुभ असेल तर बदला, आमची ना नाही. घुबड अशुभ असतं ना?”

काकू वाट बघत होत्या. घुबडही वाट बघत होतं. ‘हो’ एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं, की मालिका पुरी, निकाल पुरा आणि ‘थकल्या वाटतं’ लिहिणाऱ्याचं तोंड बंद. अनुजाने तोंड उघडलं. समोर देव्हारा होता, देव्हाऱ्यात लक्ष्मी, आज शुक्रवार, सकाळी हिच्याच नावाने उपास धरलेला. लक्ष्मीच्या तोंडावर तिच्याच वाहनाला अशुभ म्हणायचं, आणि रात्री तिचाच प्रसाद खाऊन उपास सोडायचा. अनुजाने आयुष्यात पुष्कळ पळवाटा काढल्या होत्या, पण त्या मारुतीकडून. तो ब्रह्मचारी, त्याला बायकांचं काय कळतं. लक्ष्मीला सगळं कळतं.

“नाही,” ती म्हणाली. आवाज नेहमीपेक्षाही मऊ आला. “अशुभ नाही. लक्ष्मीचं वाहन आहे ते. ज्याच्या घरी येतं, त्याचं भलंच होतं, काकू.”

“खरांच?”

“खरंच. रात्री सगळे झोपले की ते एकटं जागं असतं. लक्ष्मी राखतं.” हे बोलताना तिला जाणवलं, की इतका चांगला निकाल तिने आजवर कुठल्याच मालिकेचा लिहिलेला नाही.

काकूंचा हात मागे गेला. दोन बोटांत धरलेलं घुबड तळहातावर आलं, तळहातावरून पदरात.

“म्हणजे आम्हाला सगळ्यांना झोपलेले, आणि लक्ष्मी एकट्या काकूंना?” प्रिती म्हणाली. “वा. काकू, बदलायचंय का? मी पोपट देते.”

“तुझो पोपट तुझ्याकडेच ऱ्हवांदे,” काकू म्हणाल्या. “वाण आसा ह्या. बदलूचा नाय.”

अनुजाने ओट्याखालच्या डब्या तशाच ठेवल्या. काकूंच्या पदराकडे न बघता तिने सगळ्यांना मसाला दूध दिलं. बायका उठल्या. दाराशी चपला घालताना काकूंनी पदराची गाठ सोडून घुबड पुन्हा एकदा उजेडात धरलं. त्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, बरोबर कपाळावर, त्या सोनेरी कडेला लागून. संग्राहकाच्या दृष्टीने वस्तू संपली होती.

“अनू, पण एकटा कसा गो ठेवू? देवाधर्माचा जोडीन ठेवूक होया,” काकू म्हणाल्या. “ह्येची जोडी गावली काय आधी माका दी. दिशीत मां?”

टाकून बोलायचं नाही हा नेम होता, आणि देव्हाऱ्यात लक्ष्मीपुढचा दिवा अजून तेवत होता.

“देईन हो, काकू,” अनुजा म्हणाली.