सातवं वळण

ऑफिसात तिला सगळे काटा म्हणायचे. वजनकाट्यावरून पडलेलं नाव. गाड्यांच्या एका मासिकासाठी ती चौदा वर्षं गाड्या चालवून पाहत होती, आणि मागच्या टायरात हवा जराशी कमी असली तरी ते तिला पाठीतून कळतं, असा तिचा लौकिक होता. वळणांच्या चाचण्या तर डोळे झाकून तिच्याकडेच यायच्या.

नवरा गेल्यावर सातव्या आठवड्यात ती कामावर हजर झाली. तो दोन महिने दवाखान्यात होता; शेवट काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. गेला त्या दिवशी तिने कागदांवर सह्या केल्या, त्याचा चष्मा आणि चपला पिशवीत भरल्या आणि स्वतः गाडी चालवत घरी आली. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. नणंद म्हणाली, मनात काही ठेवू नकोस, मोकळी हो. मनात ठेवण्यासारखं काही सापडतच नाही, हे नणंदेला कसं सांगावं ते तिला समजेना, म्हणून ती नुसतं हो म्हणाली.

आता घरात ती आणि सासरे दोघंच. सासऱ्यांनी पस्तीस वर्षं शहरात बस चालवली होती. त्यांना एकटं ठेवू नकोस, असं नणंदेने बजावलं होतं, म्हणून चाचणीच्या दिवशी ती त्यांना सोबत घेऊन गेली. संपादकांनी हरकत घेतली नाही. आलिशान गाडी मागे बसणाऱ्यासाठीच असते, तेव्हा मागे बसायला कुणीतरी हवंच होतं, असं ते म्हणाले.

काम सरळ होतं. एक स्पोर्टी सेडान आणि एक आलिशान गाडी, दोघींची वळणांवर तुलना. टेकडीला वेढा घालणारा, वाहतुकीला बंद असलेला रस्ता नेहमीप्रमाणे भाड्याने घेतला होता. त्यावर अकरा वळणं. त्यातलं सातवं फसवं: शिरताना ऐसपैस वाटायचं आणि मध्यावर एकदम आवळायचं. तिथे आधीच वेग कमी करावा लागे.

पहिल्यांदा आलिशान गाडी. सासऱ्यांनी मागे बसून पट्टा लावला. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला सावकाश झुकायची, मग बोटीसारखी सरळ व्हायची. स्टिअरिंग हलकं, पण खाली रस्ता कसा आहे याची हाताला बातमीच नाही. बाहेरचा आवाज नाही, धक्का नाही. पोटातलं पाणी हलत नाही म्हणतात तसं. तिने वहीत लिहिलं: झुकते, पण घसरत नाही, चालवणाऱ्याला काही सांगत नाही.

मग सेडान. हिची बसायची जागा खाली, सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जड. रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळावा अशी बांधणी. एरवी अशा गाडीत बसलं की तिच्या मानेवरचे केस उभे राहायचे, तिसऱ्या वळणापर्यंत ती गाडीशी बोलायला लागायची. आज ती अकरा वळणं गप्प राहिली. खडे कळत होते. पण दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसे.

दोन फेऱ्या झाल्या आणि वेळ मोजणारा घड्याळवाला खुशीत धावत आला. तिचा सातव्या वळणावरचा आजवरचा विक्रम तिने मोडला होता, तोही दोन्ही गाड्यांत. संपादकांनी पाठ थोपटली. तिसरी फेरी घेऊ, फोटो काढू, असं ठरलं. सासऱ्यांनी या फेरीला सेडानमध्येही मागे बसायचा हट्ट धरला.

सातवं वळण आलं. ती नेहमीच्या खुणेच्या बरीच पुढे जाऊन ब्रेकवर आली. मागची चाकं किंचाळली, गाडीचं बूड बाहेर सरकलं. तिने ते शांतपणे सावरलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. आरशात सासऱ्यांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते.

वळण संपल्यावर ते म्हणाले, "पोरी, गाडी बाजूला घे."

तिने घेतली. इंजिन बंद केलं.

"आत्ता भीती वाटली?"

"नाही."

"मला वाटली. वाटायलाच पाहिजे होती."

"बाबा, काहीच वाटत नाही. दोन्ही गाड्या सारख्याच वाटतात. कुणीही विचारलं तरी मला फरक सांगता येणार नाही."

सासऱ्यांनी घसा खाकरला. मग सावकाश, मधेमधे थांबत सांगितलं, ते असं: सासूबाई गेल्या तेव्हा ते पाचव्या दिवशी ड्युटीवर गेले. बस अगदी गुळगुळीत चालवली, एक धक्का नाही. फक्त सलग चार थांब्यांवर बस थांबवलीच नाही. लोक हात करत होते, ते दिसतही होते. शेवटी एका बाईने मागून येऊन खांद्याला हात लावला, तेव्हा त्यांनी बस कडेला घेतली आणि डेपोत जाऊन चावी साहेबांच्या टेबलावर ठेवली. महिनाभर ते खिडकीवर बसून पास देत होते.

"घरी कधी बोललो नाही," ते म्हणाले. "त्यालाही माहीत नव्हतं."

त्याला म्हणजे तिच्या नवऱ्याला. तो गेल्यापासून दोघांपैकी कुणीतरी पहिल्यांदाच त्याचा विषय काढला होता.

ती सावकाश गाडी चालवत परत आली आणि चावी संपादकांच्या हातात दिली. आजचे आकडे छापू नका, म्हणाली. ते चांगल्या चालकाचे नाहीत. संपादकांचा चेहरा उतरला, घड्याळवाल्याने कागद उलटा केला. मग उरलेल्या फेऱ्या तिच्या सहकाऱ्याकडे गेल्या. त्याला मिशी म्हणत. हा शिस्तीचा, जपून चालवणारा गडी.

ती सासऱ्यांशेजारी सेडानमध्ये मागे बसली. चौदा वर्षांत मागे बसून तिने एकही वळण घेतलं नव्हतं. मिशीने सातव्या वळणाआधी अगदी खुणेवर ब्रेक लावला, तिच्यापेक्षा कितीतरी आधी. तरी वळण आवळायला लागलं तसा तिचा उजवा पाय गालिच्यावर गच्च दाबला गेला, जिथे दाबायला काहीच नव्हतं. हाताने दारावरची मूठ पकडली.

"जरा हळू," ती म्हणाली.

मिशीने वेग कमी केला. सासऱ्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर.

लेख मिशीच्या नावाने छापून आला. मागच्या सीटवरून सेडान कशी वाटते, तो एक परिच्छेद तिचा होता. पुढचे तीन महिने ती टेबलावर बसून इतरांचे लेख तपासत राहिली. रडू तेव्हाही आलं नाही. नंतरच्या चाचणीला ती मागे बसायला गेली, तेव्हा तिने सासऱ्यांना येता का म्हणून विचारलं. पण ते आले नाहीत. तिथे चहा बेकार मिळतो, म्हणाले.