मावशीची खुर्ची

मावशीने खुर्ची उचलली आणि पोरीच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ आणून ठेवली. मध्ये टेबल नको, हा तिचा नियम. टेबल आलं की डोंगरावरच्या बाईला चौकीत बसवल्यासारखं वाटतं, हे तिनेच मार खाऊन आलेल्या बायकांच्या या केंद्रातल्या सगळ्यांना पटवलं होतं. पाणी हवं का असं विचारायचं नाही, पेला नुसता पुढे ठेवायचा. मारलं कुणी, हे विचारण्याआधी आई कशी आहे ते विचारायचं. अकरा वर्षं घसा कोरडा करून तिने या गोष्टी वरच्यांच्या गळी उतरवल्या होत्या. आदिवासी बायकांसाठी त्यांच्याच भाषेची, त्यांच्याच माणसांतली दुभाषी हवी, असं अखेर कागदावर आलं आणि मावशीला ही खुर्ची मिळाली. तिला त्याचा अभिमान होता, आणि का नसावा?

पण समोरची पोरगी दोन दिवस झाले, तोंड उघडत नव्हती.

डाव्या हाताला प्लास्टर, कानामागे सहा टाके. नवऱ्याने मारलं हे डॉक्टरांच्या कागदावरून कुणालाही कळलं असतं. पण तो कागद म्हणजे काही जबाब नव्हे. आज पाचपर्यंत जबाब झाला नाही तर केंद्राला तिला ठेवून घेता येणार नव्हतं. आणि बाहेर व्हरांड्यात तिचा आजेसासरा तिला परत न्यायला सकाळपासून ठाण मांडून बसला होता.

"विचारून बघा ना मावशी," समुपदेशक बाई हळूच म्हणाली. ही शहरातली, जेमतेम तिशीची. डोंगरावरच्या भाषेतलं तिला ओ की ठो कळत नसे, पण समोरच्याचं ऐकत गप्प बसणं तिला छान जमायचं.

मावशी पुढे वाकली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "बाळा, मी तुझ्या सासरच्या वस्तीचीच लेक. माझ्यापाशी कसली लाज?"

पोरीने मान वर केली आणि मावशीला ओलांडून समुपदेशक बाईकडे पाहिलं.

"यांना बाहेर पाठवा," ती शहराच्या भाषेत अडखळत म्हणाली. "मग बोलते मी."

समुपदेशक बाई गडबडली. "अगं, मावशी तर तुमच्यातल्याच आहेत."

"म्हणून तर."

मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढीशी पोरगी, आणि तिच्याच खोलीतून तिलाच बाहेर काढते?

"तुला इथली भाषा धड येत नाही," ती जरा चढ्या आवाजात म्हणाली. "जबाब आहे हा. काहीतरी भलतंच लिहिलं गेलं तर निस्तरायचं कुणी?"

पोरगी आता तिच्याकडे वळली आणि घरच्या भाषेत, थोरल्यांशी बोलावं तशी हळू बोलली.

"आत्याबाई, रागावू नका. बाहेर आजोबा आहेत. ते तुम्हाला विचारणार. त्यांच्याशी खोटं बोलता येतं तुम्हाला?"

म्हातारा नात्याने तिचा चुलता. बाप गेल्यावर त्यानेच तिला खांद्यावर बसवून वाढवलं होतं. साऱ्या जगाला थापा मारल्या असत्या तिने, पण त्या माणसासमोर जीभ वळत नसे.

"मी सांगेनच कशाला? तोंडाला कुलूप लावीन," ती म्हणाली.

"माझ्या धाकट्या जावेच्या वेळीही तुम्ही काही सांगितलं नव्हतं."

मावशीचा हात पेल्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"मी तिथेच होते," पोरगी म्हणाली. "आजोबांनी विचारलं, धाकटी खाली जाऊन काय बोलली? तुम्ही मान खाली घातलीत. बास. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं."

दोन वर्षांपूर्वी ही धाकटी जाऊ याच खोलीत बसून बोलली होती. आठवड्याच्या आत तिचे दीर येऊन तिला घेऊन गेले, तिने जबाब फिरवला, आणि त्यानंतर ती खाली कधी कुणाला दिसली नाही. केंद्रातल्या कारकुनाने तिचा जबाब बाहेर फोडला असं मावशी दोन वर्षं धरून चालली होती. त्या बिचाऱ्याशी ती अजून नीट बोलत नव्हती.

ती उठली. दाराशी थांबून ती समुपदेशक बाईला म्हणाली, "ती अडली तर तुमचे शब्द पुरवू नका. थांबा. तिला सापडतील."

बाहेर दाराजवळच्या बाकावर म्हातारा काठी धरून बसला होता. आतून बोलण्याची कुजबुज ऐकू येत होती, म्हणून मावशी तिथे थांबली नाही. व्हरांड्याच्या टोकाला, जिथे पंख्याच्या खडखडाटाशिवाय काही कानावर पडत नाही, तिथे जाऊन बसली. मग मात्र तिला रडू आवरेना. पदर तोंडात कोंबून ती रडली. धाकटीने बोलताना शेवटपर्यंत तिचा हात सोडला नव्हता, ते तिला राहून राहून आठवत होतं.

थोड्या वेळाने काठी टेकत म्हातारा आला आणि शेजारी बसला. त्याने तिला रडू दिलं. मग म्हणाला, "काय बोलली?"

"माहीत नाही, काका."

"माझ्याकडे बघून सांग."

तिने पाहिलं. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी तिचा चेहरा त्याला पाठ होता.

"मला बाहेर काढलं तिने. माझ्यासमोर बोलणार नाही म्हणाली. एक अक्षर माझ्या कानावर पडलेलं नाही."

म्हातारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. काय शोधत होता कोण जाणे. पण सापडलं नाही, हे त्याच्या खांद्यांवरून कळलं. आतलं दार अजून बंदच होतं.

"इतकी वर्षं इथे काढलीस," तो म्हणाला. "आणि आपल्याच पोरीचं ऐकायला तुला बसवत नाहीत. मग ठेवलंय कशाला तुला?"

मावशीने पदराने डोळे कोरडे केले.

"बाहेर बसायला, काका."