उताराचा अंदाज

"चढ माणसाला दमवतो गं पोरी, घात करतो तो उतार," असं सासरे तिला लग्नानंतर म्हणाले होते. ते स्वतः जुने सायकलपटू. तिने ते हसण्यावारी नेलं होतं. "बाबा, उतारावर तर पायसुद्धा मारावे लागत नाहीत!"

आज शर्यतीत घाटाचा टप्पा होता. बाळाला मांडीवर घेऊन ती टीव्हीवर नवऱ्याला शोधत होती.

"वहिनी, शेवटच्या चढावर दादा सगळ्यांना मागे टाकणार," दीर म्हणाला. "नाही टाकलं तर मिशी उतरवीन!"

"आधी उगवू तर दे," सासरे म्हणाले.

दादा खरंच एकटा पुढे निघाला. माथ्यावर संघाच्या माणसाने जर्सीत खुपसायला वर्तमानपत्र पुढे केलं, म्हणजे उतरताना छातीला वारा झोंबत नाही. वेळ वाचवायला त्याने ते झिडकारलं. दिराने टाळ्या पिटल्या. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"घामाने भिजलाय. बोटं गारठली की ब्रेक दाबला जायचा नाही."

तिसऱ्या वळणावर तेच झालं. तो कठड्यावर आदळला. खांदा मोडला, पण जीव वाचला. दवाखान्यातून त्याचा आवाज ऐकेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

तुमच्या घरचं कुणी आज घाट उतरणार असेल, तर निघण्याआधीच त्याला फोन करा आणि अंगात गरम काही घातलंय का, तेवढं विचारा.