साडूचं समन्स

साडूचं नाव काढलं तरी बेलिफाचं पित्त खवळायचं. साडू म्हणजे मेव्हणीचा नवरा, चष्म्याचं दुकान चालवणारा. सासरी कुणाचं काही अडलं की पहिला फोन त्याला. सासऱ्यांचा चष्मा तोच करणार, सासूबाईंना दवाखान्यात तोच नेणार, आणि बायको उठता-बसता म्हणणार, "भाऊजींकडून शिका जरा." अरे, काय शिका? दिवसभर कोर्टाचे कागद घेऊन लोकांच्या दारात शिव्या खायच्या आणि वर गोड हसायचं कसं, ते?

अन् एका सकाळी शेजारच्या बेलिफाच्या गठ्ठ्यात साडूचंच समन्स दिसलं. जागामालकाने दुकान खाली करून मागण्याचा दावा लावला होता. आपल्या बेलिफाला आतल्या आत आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नातेवाइकाचा कागद दुसऱ्याकडे सोपवायचा, ही ऑफिसातली रीत. याने उलटंच केलं.

"तुझे लांबचे दोन पत्ते मी घेतो, हा एवढा मला दे."

साहेबांनी ऐकलं. एकदा चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "घरचं प्रकरण आहे. जपून."

दुकानात जाऊन गुपचूप सही घेता आली असती. पण मग बघणार कोण? शुक्रवारी सासऱ्यांचा वाढदिवस होता. संध्याकाळी सगळं गोत दिवाणखान्यात जमलं. साडू नेहमीसारखा चहाचा ट्रे घेऊन फिरत होता आणि सासूबाई कौतुकाने बघत होत्या. बघा, बघून घ्या, बेलिफ मनात म्हणाला आणि पिशवीतून कागद काढला.

"साडूबुवा, कोर्टाचं समन्स आहे तुमच्या नावाचं. इथे सही करा." आवाज मुद्दाम चढाच होता. "वाईट वाटतं हो, पण काय करणार? नोकरी पडली. माझ्याच वाट्याला आलं."

मेव्हणी मान खाली घालून बसली. साडूने ट्रे ठेवला, हात पुसले, कागद नीट वाचला आणि सही केली. मग तो अवघडून म्हणाला, "दाव्याचं कळल्यावर मी परवाच कोर्टात गेलो होतो, हा कागद स्वतःच घेऊन यावा म्हणून. तुमचे साहेब म्हणाले, तुम्ही तो मुद्दाम मागून घेतलाय. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, परक्या माणसाने गिऱ्हाइकांसमोर कागद देऊ नये म्हणून घेतला असेल. बाबांनाही तसंच सांगितलं मी. कालपासून दुकानात तुमची वाट बघत होतो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बेलिफाने तिथेच उट्टं काढलं असतं. सासऱ्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि या जावयाकडे बघायचंच टाळलं. बायको मात्र बघत होती. मुद्दाम मागून घेतला, हे तिने ऐकलं होतं. माझ्याच वाट्याला आलं, हेही ऐकलं होतं.

बेलिफाने कागदाची पोच घडी करून खिशात कोंबली. "चल, निघू या," तो बायकोला म्हणाला.

ती उठली, त्याच्या हातात घराची किल्ली दिली आणि साडूचा अर्धवट राहिलेला ट्रे उचलला.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मला भाऊजी सोडतील."